रिकाम्या जागा भरू नका

"होईल हो कन्व्हर्ट! त्यात काय आहे?"

हे वाक्य ज्या महापुरुषानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याचा पुतळा अजून एकाही चौकात उभा राहिलेला नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. आजचं निम्मं जग या एका वाक्यावर चाललेलं आहे. माहिती या संगणकातून उचलायची, त्या संगणकात ओतायची. मध्ये काय सांडलं ते कुणी विचारायचं नाही. अहो, बिऱ्हाड हलवताना टेम्पोवरचा हमालसुद्धा खोकं उचलण्याआधी विचारतो, "साहेब, काचेचं काही आहे का यात?" कन्व्हर्टवाला तेवढंही विचारत नाही.

या लोकांशी माझं भांडण आहे. ते मी आज जाहीरपणे मांडणार आहे. आमच्या घरात ते ऐकून घ्यायला आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुमच्यापुढे मांडतो आहे.

माझा अधिकार काय म्हणाल, तर मी उभी हयात एका कचेरीत भाषांतरकार म्हणून काढली. 'अंकल' हा एवढासा शब्द मराठीत आणायचा तर आधी त्या साहेबाच्या घराण्याची चौकशी करावी लागते. हा काका, मामा, आत्याचे यजमान की मावशीचे? कागदात तसं लिहिलेलं नसतं. मग शहाणा भाषांतरकार समासात टीप देतो : 'नाते मुळात स्पष्ट नाही.' माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच. जे माहीत नाही, त्याच्या जागी माहीत असल्यासारखं काही लिहायचं नाही.

आता निमित्त सांगतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानं छापायचं घाटत होतं. कुलवृत्तांत म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, त्याला मुलगे किती, त्यातला कोण बडोद्याला गेला आणि कोण वेडा झाला, याची जाडजूड वही. आमच्या वह्या पुण्यातल्या एका माळ्यावर होत्या. मंडळानं त्या एका संगणकवाल्याकडून टाइप करून घेतल्या. माहिती भरली पायथन नावाच्या भाषेत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की, 'अमक्याचं तमक्याशी नातं काय' हे संगणकानंच सांगावं. नाती सांगायला प्रोलॉग नावाची दुसरी भाषा चांगली. तेव्हा पायथनमधून प्रोलॉगमध्ये माहिती न्यायची, नाती काढायची, उत्तरं परत पायथनमध्ये आणायची आणि छापायची. खजिनदार म्हणाले, "होईल हो कन्व्हर्ट! त्यात काय आहे?"

माझा भाचा याच धंद्यात आहे. त्याच्याकडून मी या दोन भाषांची कुंडली काढून घेतली. ती ऐका, कारण भांडणाचं मूळ तिथंच आहे.

प्रोलॉग थोरली. १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात आलँ कोल्मरोएर आणि फिलिप रूसेल या दोघांनी ती जन्माला घातली, आणि तीही संगणकाला माणसाची फ्रेंच भाषा समजावी म्हणून. पायथन धाकटी. ॲम्स्टरडॅमच्या एका गणितसंस्थेत खीडो व्हान रॉसम या गृहस्थानं १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली बाहेर काढली. तिचं नाव सापावरून नाही, 'माँटी पायथन' या इंग्रजी विनोदी मालिकेवरून ठेवलेलं आहे. विनोदी लेखकाच्या बाजूनं इतिहासात जमा झालेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक. आणि गंमत पाहा, आज प्रोलॉगचा जो अवतार पुष्कळ लोक वापरतात, तो एसडब्ल्यूआय प्रोलॉग, १९८७ साली त्याच ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठात सुरू झाला. म्हणजे दोघांचं माहेर एकाच गावात. तरी एकीचं बोलणं दुसरीला कळायला मध्ये माणूस लागतो. यात नवल काही नाही. आमच्या चाळीत एका भिंतीआडही हेच होतं.

स्वभाव मात्र उत्तर-दक्षिण. पायथन कामसू आहे. आधी हे कर, मग ते कर, असं सांगितलं की ती मान खाली घालून करते. प्रोलॉग म्हणजे पाटावर बसलेले शास्त्रीबुवा. त्यांना काम सांगायचं नसतं, वस्तुस्थिती सांगायची असते. दशरथ हा रामाचा पिता. दशरथ हा भरताचा पिता. ज्यांचा पिता एक, ती भावंडं. एवढं सांगून गप्प बसायचं आणि विचारायचं, "रामाचं भावंडं कोण?" बुवा डोळे मिटतात आणि म्हणतात, "भरत." "आणखी?" म्हटलं की आणखी शोधतात. दोन अधिक तीन असं लिहून दिलं तर ते तसंच जपून ठेवतात. पाच होतात हे त्यांना ठाऊक असतं, पण हिशेब करा असं स्पष्ट सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. असे सासरे मी पाहिलेले आहेत.

आता या दोघांमध्ये सामानाची ने-आण. आकडे सुखरूप जातात, याद्या जातात. नावांपाशी पहिली ठेच लागते. प्रोलॉगमध्ये रोमन लिपीतलं मोठं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं की तो शब्द नाव राहत नाही, व्हेरिएबल होतो. म्हणजे 'कुणीतरी'. इंग्रजीत राम लिहिताना मोठा 'आर' काढलात आणि भोवती अवतरणचिन्हं घालायला विसरलात, की प्रभू रामचंद्रांचा 'कुणीतरी' झाला! देवनागरीत ही भीती नाही. आपल्याकडे लहान-मोठं अक्षर नाहीच. त्यामुळे मराठीत लिहिलेलं प्रत्येक नाव प्रोलॉगमध्ये जन्मजात ठाम असतं. मराठी माणसाला हे शोभूनच दिसतं म्हणा. ज्याला आपल्याकडे 'कुणीतरी' व्हायचंय, त्यानं शब्दाच्या आधी खाली आडवी रेघ मारून घ्यावी लागते. शाळेत 'रिकाम्या जागा भरा'मध्ये असायची, तीच रेघ.

आणि या रिकाम्या जागेतच आमचा कुलवृत्तांत कोसळला.

जुन्या वह्यांत पुरुषांची नावं ठसठशीत आहेत. बायकांचा रकाना आला की लेखणीची शाई वाळते. सून म्हणून घरात आली, सहा मुलं झाली, प्लेगात गेली. नाव? कोरं. मुलीचं लग्न करून दिलं की तिच्या पुढची ओळच बंद. संगणकवाल्यानं जिथं जिथं कोरं होतं तिथं पायथनचा शब्द घातला, 'नन'. पायथनमध्ये 'नन' म्हणजे काही नाही. इथवर ठीक. पण हाच 'नन' अवतरणात घालून प्रोलॉगमध्ये नेला, आणि शास्त्रीबुवांना वाटलं हे त्या बाईचं नाव!

परिणाम काय झाला? सात पिढ्यांत मिळून अकरा पुरुषांची पत्नी म्हणून एकच बाई निघाली. नाव नन. नावाप्रमाणे खरं तर तिनं ब्रह्मचारिणी असायला हवं होतं. तिला दोनशे वर्षांत चौतीस मुलं झाली, आणि ज्यांची आई एक ती भावंडं या नियमानं पेशवाईतले खापरपणजोबा आणि पानशेतच्या पुरात वाहून गेलेले काका हे सख्खे भाऊ ठरले. हसू नका. महाभारतात हेच केलंत तर काय होईल पाहा. द्रोण कलशातून जन्मला, त्याला आई नाही. धृष्टद्युम्न यज्ञातून निघाला, त्यालाही आई नाही. दोघांच्या रकान्यात 'नन' घाला. झाले सख्खे भाऊ! ज्याला मारण्यासाठी ज्याचा जन्म, त्या दोघांना एका कॉलमनं एका आईच्या पोटी घातलं. द्रुपदानं यज्ञाचा खर्च परत मागितला असता.

संगणकवाल्याला हे दाखवलं. तो म्हणाला, "हात्तिच्या! अवतरणं काढून टाकतो." काढली. आता 'नन'मधलं मोठं 'एन' उघडं पडलं आणि त्याचं व्हेरिएबल झालं. म्हणजे 'या मुलाची आई कुणीही असू शकते'. शास्त्रीबुवांनी ते अक्षरशः मानलं. ज्याची आई माहीत नाही, तो आता घराण्यातल्या झाडून सगळ्या बायकांचा मुलगा झाला आणि सगळ्यांचा भाऊ. विश्वबंधुत्वाचं इतकं स्वस्त प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिसऱ्यांदा त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. "काका, कोऱ्या ओळी नेतच नाही. प्रश्नच मिटला!"

प्रश्न तिथंच पेटला. कारण आता जाताना नव्हे, येताना घात होणार होता.

शास्त्रीबुवांची एक रीत आहे. जे त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगितलेल्यातून सिद्ध करता येत नाही, त्याला ते 'नाही' म्हणतात. या रीतीला पंडितांनी रीतसर नावं दिलेली आहेत आणि १९७८ साली कीथ क्लार्कनं तिचं तर्कशास्त्रही मांडलं. बुवांच्या 'नाही'चा अर्थ 'माझ्याजवळच्या माहितीवरून हे सिद्ध होत नाही' एवढाच. सज्जन माणूस आहे तो. पण ते उत्तर पायथनमध्ये आणलं की त्याचं 'फॉल्स' होतं, आणि 'फॉल्स' छापखान्यात गेलं की त्याचं 'नाही' होतं. तीन पायऱ्या उतरता उतरता 'मला ठाऊक नाही'चं 'असं नाहीच' होऊन बसतं. वाटेत कुणीही खोटं बोललेलं नसतं. म्हणून तर पकडायला कुणी सापडत नाही.

आमच्या आत्याच्या नावापुढे छापून आलं : 'अपत्ये : नाहीत.'

आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. तिची मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली. आमच्या वहीत मुलीची नोंद नव्हती, कारण ती मुलगी आमच्या घराण्याची नव्हे. त्यांच्याकडे होती की नाही देव जाणे. ती मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मुद्रितं वाचायला मंडळानं ज्या चार म्हाताऱ्यांना बोलावलं, त्यांत ती होती. तिनं चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि खजिनदारांना विचारलं, "म्हणजे मी कोण रे?"

खजिनदार म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. हे फक्त सिस्टिममध्ये तसं आहे."

"अरे, मग सिस्टिममध्ये तरी मला जन्माला घाल," ती म्हणाली. "आईजवळ राहायचं एकदा हुकलंय. दुसऱ्यांदा नको."

खोलीत पंखा तेवढा बोलत होता.

आता वाचकहो, मुद्द्यावर येतो. आपल्या मीमांसकांनी, कुमारिल भट्टाच्या परंपरेनं, 'अनुपलब्धी' नावाचं प्रमाण मानलेलं आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथं घडा नाही हे कळतं. अगदी प्रोलॉगचीच रीत! पण आपल्या पंडितांनी तिला एक अट घातली. घडा तिथं असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणायची सोय नाही. या अटीला योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि कन्व्हर्टवाल्यांना सगळ्यात आधी ही शिकवायला हवी. रेल्वेच्या वेळापत्रकात रात्री तीनची गाडी छापलेली नाही, तर ती नाही. तिथं दिवा लावलेला आहे. आमच्या वहीत बायकांचा रकाना म्हणजे अंधारी खोली. तिथं काही दिसत नाही म्हणून कुणी नव्हतं असं छापणं हा तांत्रिक दोष नव्हे. तो अन्याय आहे, आणि जुन्या लेखणीनं केलेल्या अन्यायावर नव्या यंत्राचा शिक्का आहे.

यावर मला तीन उत्तरं मिळाली. तिन्हींचा समाचार घेतो.

पहिलं, "यंत्रातच तशी सोय नाही." साफ खोटं. या दोन भाषांमध्ये ने-आण करणारी जेनस नावाची एक जोडणी आहे. मागं-पुढं दोन्हीकडे पाहणाऱ्या, दोन तोंडांच्या रोमन दारदेवाचं नाव तिला दिलेलं आहे. एसडब्ल्यूआय प्रोलॉगनं ती २०२३ साली आपलीशी केली. तिच्यात पायथनचा 'नन' प्रोलॉगमध्ये जाताना त्याच्यावर वेगळी खूण मारतात, म्हणजे तो कुणाचं नाव वाटू नये. आणि उत्तरात खरं-खोटं याखेरीज 'अनिश्चित' असं तिसरं उत्तर येण्याचीही वाट ठेवलेली आहे. बनवणाऱ्यांनी विचार केलाय. वापरणाऱ्यांनी करायचा बाकी आहे. कारण खूण मारली तरी सगळ्या कोऱ्या जागांवर एकच खूण बसते, आणि खुणेला खूण जुळतेच. देवाला दोन तोंडं असली तरी डोकं आपलंच लागतं.

दुसरं, "लोकांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं." कुठल्या लोकांना? साधा मराठी माणूस दिवसातून वीस वेळा 'बघू', 'कळवतो', 'अजून ठरलं नाही' म्हणतो आणि त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. लग्नाच्या बोलण्यात तर 'नाही' हा शब्द कुणी उच्चारतच नाही. 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात. ज्या समाजानं 'नाही' म्हणायच्या इतक्या पायऱ्या बांधल्या, त्याला म्हणे दोनच उत्तरं हवीत!

तिसरं, खजिनदारांचं, "एवढ्या बारीकसारीक गोष्टींनी कुणाचं काय बिघडतं?" कर्णाला विचारा. भर रंगमंडपात कृपाचार्यांनी त्याला कुळ विचारलं, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. जन्मदात्या आईचा रकाना कोरा. कोरा याचा अर्थ 'आहे, पण आम्हाला ठाऊक नाही.' सभेनं त्याचा अर्थ 'नाही' असा लावला. त्या दिवशी शास्त्रीबुवांना "कर्ण अर्जुनाचा भाऊ का?" असं विचारलं असतं तर तेही "नाही" म्हणाले असते. नंतर कुंतीनं एक ओळ सांगितली असती की त्यांचंच उत्तर "होय" झालं असतं. त्या दोन उत्तरांच्या मध्ये अठरा अक्षौहिणी सैन्य कापलं गेलं. बारीकसारीक गोष्ट!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. भाच्याकडून खात्री करून घेतलेली आहे, ती करता येण्यासारखी आहे. कोऱ्या जागेत 'नन' घालू नका, व्हेरिएबल घालू नका, ती ओळ गाळूही नका. प्रत्येक कोऱ्या जागेला तिचा स्वतःचा क्रमांक द्या. अज्ञात १, अज्ञात २, अज्ञात ३. थोराल्फ स्कोलेम नावाच्या नॉर्वेच्या तर्कपंडिताची ही जुनी युक्ती आहे : कुणीतरी आहे एवढंच माहीत असेल, तर त्या कुणीतरीला एक कोरं, दुसऱ्या कुणाचंही नसलेलं नाव द्यायचं. मग अज्ञात १७ ही अज्ञात १८ शी आपोआप जुळत नाही. उद्या एखाद्या जुन्या पत्रात नाव सापडलं तर फक्त तिच्याच जागी ते बसतं. दोघी एकच निघाल्या तर तेही सांगता येतं. आणि द्रोणासारखं, जिथं खरंच कुणी नाही, तिथं तसं वेगळं लिहा. 'नाही' वेगळं, 'माहीत नाही' वेगळं, 'विचारलंच नाही' वेगळं. आमच्या वहीत तिसराच प्रकार जास्त आहे.

खजिनदार म्हणतात, यानं अठ्ठावीस पानं वाढतील आणि वर्गणी पुरायची नाही. वाढू द्या. मूळ पुरुषाच्या शौर्याला आपण चौदा पानं दिली आहेत, आणि त्यानं एक घोडा विकत घेतला यापलीकडे त्यात पुरावा नाही. सहा बाळंतपणं करून प्लेगात गेलेल्या बाईला तिचं नाव आपण देऊ शकत नाही. निदान तिचं अज्ञातपण तरी तिचं तिला द्या. दहाजणींत वाटून देऊ नका.

आणि पुन्हा कुणी "होईल हो कन्व्हर्ट" म्हणालं, तर त्याला हमालाचा प्रश्न विचारा : यात काचेचं काही आहे का? 'माहीत नाही' असं उत्तर आलं, तर ते 'नाही' म्हणून लिहून घेऊ नका. खोकं हळूच उचला.